शॉकअप बदला, स्प्रिंगशी पंगा नको!

पुण्याहून बीडला पोचेपर्यंत माझ्या गाडीचे पुढचे शॉकअप बोलायला लागतात. खड्ड्यात 'ठक', ब्रेक मारला की नाक खाली! मामा म्हणतो, "अंगणातच बदलू की." बिनधास्त बदला, पण फंडे क्लिअर हवेत. छोट्या गाड्यांत पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनीअरची ही १९४०च्या दशकातली आयडिया. स्ट्रट गाडीतून काढला तरी स्प्रिंग दाबलेलीच असते. कॉम्प्रेसरनं आवळण्याआधी वरचा मधला नट सोडलात, तर ती उसळून जिवावर बेतू शकतं. कॉम्प्रेसर नाही? मग अख्खा स्ट्रट गॅरेजवाल्याकडे न्या. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवाच. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. नंतर अलाइनमेंट मस्ट, नाहीतर टायर खल्लास!