कमी पैशात आधी काय राखायचं?



गेल्या महिन्यात मोर्चाच्या कामाला मुंबईला गेलो, मुक्काम करी रोडला होता. आपल्या तालुक्यातला एक पोरगा तिथं गिरणी कामगारांच्या जुन्या चाळीत राहतो. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून दहा-बारा जणांच्या खोलीत चटईपुरती जागा घेतलीय. सकाळी कॉलेज, संध्याकाळी खानावळीत वाढपी. म्हणाला, "दादा, दोन विषयांना सरच नाहीत. जागा भरायला पैसा नाही म्हणतात. गेटला कमान मात्र नवी झाली."

सरकारकडं पैसा कमी आहे, हे धरून चालू. मग कमी पैशात आधी काय राखायचं?

हे आपल्याला कुणी शिकवायला नको. उन्हाळा सरताना घरातलं धान्य संपतं. आपण मजुरीला जातो, उसनवार करतो, लग्न पुढं ढकलतो. पण बियाणाच्या कणगीला हात लावत नाही. कॉलेजचं बियाणं म्हणजे शिकवणारा मास्तर आणि शिकणारं गरिबाचं पोर.

करी रोडहून चालत जाता येईल अशी परळची बी.आय.टी. चाळ. तिथं बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले. १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ते शिक्षणाच्या खर्चावर बोलले. दारूच्या करातून लोकांकडून जेवढं घेता, निदान तेवढं तरी शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी. खालच्या थरातल्या लोकांना वरचं शिक्षण होईल तेवढं स्वस्त करा, हेही त्यांनी सांगितलं.

पुढं मात्र उलटंच झालं. १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी झाली. २००१ साली नव्यांना 'कायम विनाअनुदानित' म्हणूनच मान्यता द्यायचं ठरलं. म्हणजे सरकार दमडी देणार नाही, फी भरेल तो शिकेल.

म्हणून जी सरकारी आणि अनुदानित कॉलेजं उरलीत, त्यांनी पैसा असा लावावा: पहिला वर्गावरच्या मास्तरांना. दुसरा वसतिगृह आणि जेवणाला. तिसरा वाचनालयातल्या पुस्तकांना. कमान, रंगरंगोटी, गॅदरिंग, साहेबांची केबिन शेवटी. आणि फी वाढवून खड्डा भरायचा नाही. फी वाढली की पहिली घरी बसते ती आपली पोरगी.

कुणी म्हणेल, कॉम्प्युटर नकोत का? हवेत. पण शिकवणारा नसेल तर ते धूळच खाणार.

आपल्या जमिनीच्या लढ्याशी याचा काय संबंध? २००२ च्या मे महिन्यात दिल्लीहून जंगलजमिनीवरची 'अतिक्रमणं' काढायचा हुकूम सुटला होता. मुदत होती ३० सप्टेंबर २००२. नोटीस वाचायची, दंडाच्या जुन्या पावत्या लावायच्या, जबाब लिहायचा, हे दरवेळी शहरातल्या वकिलावर किती दिवस सोडणार? आपलीच पोरं लागतील, आणि ती अर्ध्यातून परत आली तर कुठून आणणार?

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं लिहून आणावं: कॉलेजात किती पोरंपोरी, वसतिगृहात किती, कुणी सोडलं आणि कशामुळं. ते कागद घेऊन आपण आदिवासी प्रकल्प कार्यालयावर जाऊ. जमिनीचे पुरावे जसे आपणच गोळा केले, तसेच हेही आपणच करायचे.