विश्लेषण : १० हजार भारतीयांचा जीनोम हाती आला; पण तो वाचणार कोण?

करोनाकाळात ‘जनुकीय क्रमनिर्धारण’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचला. पुढे ‘डेल्टा’ या नावाने जगभर पसरलेल्या विषाणूच्या वंशाकडे लक्ष गेले, ते महाराष्ट्रातील नमुन्यांच्या अशाच तपासणीतून. त्या विषाणूचा जीनोम साधारण ३० हजार अक्षरांचा होता. माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, म्हणजे त्याच्या एक लाख पट मोठा असतो. अशा जवळपास १० हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती आता देशातील संशोधकांसाठी उपलब्ध झाली आहे. मात्र तिचा अर्थ लावण्यासाठी जीवशास्त्र पुरेसे नाही. त्यासाठी संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र का शिकावे लागते, हे समजून घेऊ.

‘जीनोम इंडिया’ प्रकल्प काय आहे?

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये या प्रकल्पाला मंजुरी दिली. बंगळूरु येथील सेंटर फॉर ब्रेन रिसर्चच्या समन्वयाखाली देशातील २० संस्था त्यात सहभागी झाल्या. वेगवेगळ्या प्रांतांतील, भाषांतील आणि आदिवासी समूहांतील निरोगी व्यक्तींच्या रक्ताचे नमुने घेण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात संशोधकांसाठी खुली करण्यात आली. ‘खुली’ म्हणजे कोणीही उतरवून घ्यावी अशी नव्हे. त्यासाठी संशोधकांना ठरलेल्या नियमांनुसार अर्ज करावा लागतो. ९,७७२ व्यक्तींच्या प्राथमिक विश्लेषणात जनुकीय फरकाच्या सुमारे १८ कोटी जागा आढळल्या.

माहिती मिळाली, मग अडचण कुठे आहे?

क्रमनिर्धारण करणारे यंत्र जीनोम सलग वाचत नाही. प्रचलित पद्धतीत ते साधारण १५० अक्षरांचे कोट्यवधी तुकडे देते. एखाद्या जाड ग्रंथाच्या तीस प्रती फाडून सगळे कपटे एकत्र मिसळावेत, तशी ही अवस्था असते. प्रत्येक तुकडा संदर्भ जीनोमशी जुळवून मूळ जागी बसवणे हे संगणकाचे पहिले काम. त्यानंतर खरा प्रश्न येतो. एखाद्या ठिकाणी संदर्भापेक्षा वेगळे अक्षर दिसले, तर तो त्या व्यक्तीचा खरा जनुकीय फरक की यंत्राची वाचनातील चूक? तीसपैकी पंधरा तुकड्यांत वेगळे अक्षर असेल तर उत्तर सोपे आहे. तीनच तुकड्यांत असेल तर? येथे नजरेचा अंदाज चालत नाही. संभाव्यतेचे गणित मांडावे लागते.

सिकलसेलसारख्या आजारात एका जनुकातील एका अक्षराचा बदल कारणीभूत असतो. नंदुरबार किंवा गडचिरोलीतील रुग्णाचे निदान त्यामुळे साध्या रक्तचाचणीने होते. मधुमेह किंवा हृदयविकाराचे तसे नाही. तेथे शेकडो जागांवरचे फरक थोडा थोडा परिणाम करतात आणि त्यात आहार, वय, राहणीमान यांची भर पडते.

लाखो चाचण्यांमध्ये योगायोग कसा ओळखायचा?

समजा, मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या व्यक्तींची तुलना जीनोममधील १० लाख जागांवर केली. संशोधनात सामान्यतः पाच टक्क्यांचा निकष वापरला जातो. म्हणजे प्रत्यक्षात काहीच संबंध नसतानाही शंभरपैकी पाच वेळा संबंध असल्याचा भास होईल, हे गृहीत धरलेले असते. एका चाचणीत हे चालून जाते. १० लाख चाचण्यांत मात्र निव्वळ योगायोगाने ५० हजार ‘मधुमेहाची जनुके’ सापडतील! म्हणून या क्षेत्रात निकष कितीतरी कडक ठेवला जातो. योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकपेक्षा कमी असेल, तरच संबंध मान्य होतो. पाच टक्क्यांना १० लाखांनी भागले की हाच आकडा येतो. एवढा कडक निकष पार करायचा तर हजारो, कधी लाखो व्यक्तींचे नमुने लागतात.

भारतात हा पेच अधिक कठीण का?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भात खाणाऱ्यांच्या आणि ज्वारीची भाकरी खाणाऱ्यांच्या जीनोमची कोणी तुलना केली. पहिल्या गटात बहुतेक जण कोकणातले आणि दुसऱ्या गटात सोलापूर-मराठवाड्यातले असतील. दोन्हीकडच्या समाजांत पिढ्यान् पिढ्यांच्या विवाहसंबंधांमुळे काही जनुकीय फरक असणारच. विश्लेषण करणाऱ्याला याचे भान नसेल, तर त्याला ‘भाकरीचे जनुक’ सापडेल! आजाराच्या अभ्यासातही हीच चूक होऊ शकते. ती टाळण्यासाठी आधी नमुन्यांतील समूहांची रचना गणिताने शोधून तिचा परिणाम वेगळा काढावा लागतो.

जातीअंतर्गत विवाहामुळे भारतात असे शेकडो समूह आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूह तपासले गेले. त्यांपैकी ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडमधील लोक किंवा अश्कनाझी ज्यू यांच्यापेक्षाही ठळक असल्याचे दिसले. अशा समूहांत एरवी दुर्मीळ असणारे आनुवंशिक आजार अधिक प्रमाणात आढळतात. वैश्य समाजातील काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या विशिष्ट औषधाचा परिणाम धोकादायकरीत्या लांबतो, तो याच कारणाने. म्हणजे योग्य विश्लेषण झाले, तर भूल देण्यापूर्वीच डॉक्टर सावध होऊ शकतात.

परदेशातील सूत्रे येथे का चालत नाहीत?

२०१९ मधील एका आढाव्यानुसार, जगभरातील अशा अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या. त्यांच्या माहितीवर बेतलेले आजाराच्या जोखमीचे गुणांकन इतर समाजांत कमी अचूक ठरते. उलट, हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातील २५ अक्षरांचा अभाव दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो आणि त्याने हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. ही बाब २००९ मध्ये समोर आली, ती भारतीयांचे नमुने तपासले म्हणून.

अमेरिकेतील उदाहरणही बोलके आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारास कारणीभूत मानलेले काही जनुकीय फरक प्रत्यक्षात निरुपद्रवी होते आणि कृष्णवर्णीय अमेरिकींमध्ये सर्रास आढळत होते, हे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. तोपर्यंत काही रुग्णांना चुकीचे अहवाल मिळाले होते. मूळ तुलनेत थोडे जरी कृष्णवर्णीय असते, तरी ही चूक टळू शकली असती.

विश्लेषण चुकले तर काय होते?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये एक दावा केला. कर्करुग्णाच्या गाठीतील जनुके पाहून कोणते औषध लागू पडेल ते सांगता येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर आधारित रुग्णचाचण्याही सुरू झाल्या. एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेमोड पुन्हा करून पाहिली. काही तक्त्यांत जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली होती. काही ठिकाणी ‘औषध लागू पडते’ आणि ‘पडत नाही’ या खुणांची अदलाबदल झाली होती. म्हणजे रुग्णाला नेमके चुकीचे औषध मिळण्याचा धोका होता. अखेर २०१० मध्ये चाचण्या थांबल्या आणि पुढे अनेक शोधनिबंध मागे घेण्यात आले.

चूक याहून क्षुल्लकही असू शकते. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा नावांच्या जनुकांना एक्सेल आपोआप तारखेत बदलते. २०१६ मधील एका तपासणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत ही चूक सापडली. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलावी लागली!

मग शिकायचे काय आणि कुठे?

आपल्याकडे अडथळा बारावीपासूनच सुरू होतो. जीवशास्त्राचा गट घेणारे अनेक विद्यार्थी गणित सोडतात आणि संगणकशास्त्राकडे जाणाऱ्यांचा जीवशास्त्राशी संबंध तुटतो. या क्षेत्राला दोन्ही लागते. संभाव्यता, समाश्रयण आणि अनेक चाचण्यांतील योगायोग वगळण्याच्या पद्धती हा पाया. त्यावर लिनक्स, आर किंवा पायथॉन. शिवाय आपली आकडेमोड दुसऱ्याला जशीच्या तशी पुन्हा करता येईल, अशा रीतीने नोंदवण्याची शिस्त.

साधने बहुतांशी मोफत आहेत. ‘बायोकंडक्टर’ हा आर भाषेतील संच २००१ पासून विकसित होत आहे. ‘रोझालिंड’ या संकेतस्थळावर छोटी कोडी सोडवत शिकता येते. सरावासाठी ‘१००० जीनोम’ प्रकल्पातील २,५०४ व्यक्तींची माहिती सर्वांना खुली आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे जैवमाहितीशास्त्र केंद्र या विषयाचे शिक्षण देते.

कोड तर आता कृत्रिम बुद्धिमत्ताही लिहून देते, मग शिकायचे कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पण ‘भाकरीचे जनुक’ शोधणारा कोड बिनचूक चालू शकतो आणि तरीही उत्तर चुकलेले असू शकते. नमुने कोणाचे आणि तुलना कोणाशी, हे विचारण्याचे काम विश्लेषकाचेच.

पुढे काय?

ज्यांनी नमुने दिले, त्यांनी आपली सर्वांत खासगी माहिती देशाच्या स्वाधीन केली आहे. ती जपणे जितके आवश्यक, तितकेच तिच्यातून योग्य अर्थ काढणेही. यंत्रे विकत आणता येतात, जीव आणि गणित दोन्ही जाणणारे विश्लेषक मात्र वर्गातच घडवावे लागतात. तसे झाले नाही, तर भारतीयांच्या आजारांचे निदान यापुढेही युरोपीय आकड्यांवरच होत राहील.