अर्ध्या ट्यूबचा हिशेब

पावसाळा सुरू झाला की कॉलेजच्या पार्किंगमध्ये, हॉस्टेलच्या जिन्याखाली किंवा चहाच्या टपरीमागे कुठे ना कुठे एक भिजलेलं पिल्लू ओरडत बसलेलं असतं. तुमच्यातलंच कुणीतरी त्याला उचलून रूमवर आणतं. नाव ठरतं, फोटो निघतात, स्टोरी पडते. आठवड्याभरात सगळ्यांच्या पोटऱ्यांवर लाल पुळ्या उठतात. पिल्लाच्या मानेवरचे केस बाजूला केले, तर काहीतरी काळपट तुरुतुरु पळताना दिसतं. पिसवा!

मग रूमवर बैठक बसते. एक जण म्हणतो, फिनेलच्या पाण्याने आंघोळ घालू. दुसऱ्याला आजीचा कापूर आणि खोबरेल तेल आठवतं. तिसऱ्याच्या घरी कुत्रा असतो. तो म्हणतो, "अरे, आमच्या टायगरची ट्यूब आहे ना. अर्धीच लावू. काही होत नाही." महिनाअखेर असते, ट्यूब फुकटची असते. सगळे माना डोलावतात.

आज बोलायचंय ते या 'काही होत नाही'बद्दल. कारण होतं. मांजर मरूही शकतं.

पिसवा-गोचीड मारण्यासाठी कुत्र्यांच्या मानेवर जी औषधं सोडतात, त्यातल्या काहींमध्ये पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक भरपूर प्रमाणात असतं. कुत्र्याचं शरीर ते मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताची ही ताकद मुळातच फार कमी. त्यामुळे विष शरीरात साचतं आणि मज्जासंस्थेवर घाला घालतं. काही तासांत, कधी एक-दोन दिवसांनीही, कान फडफडू लागतात, अंग थरथरतं, लाळ गळते, तोल जातो, झटके येतात. यावर थेट उतारा नाही. डॉक्टर झटके आवरतात आणि शरीर सावरायला वेळ मिळवून देतात, इतकंच. म्हणून 'अर्धी ट्यूब म्हणजे अर्धा धोका' हा हिशेब मांजराला लागू पडत नाही. यकृताच्या याच कमतरतेमुळे तुमच्या तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

बैठकीतले बाकीचे उपायही सोडून द्या. मांजर दिवसभर अंग चाटतं. म्हणजे अंगावर जे लावाल ते पोटात जाणारच. फिनेल, कापूर, डांबरगोळ्या, रॉकेल, टी ट्री ऑइल यांतलं काहीही तिच्या अंगाला लावायचं नाही. झुरळांचा स्प्रे आणि मुंग्यांचा खडू यांतही बऱ्याचदा पर्मेथ्रिनचीच भावंडं असतात. 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून मांजराला चालेल, असं काही नसतं.

मग करायचं काय? आधी खात्री करा. उवांची बारीक फणी पिल्लाच्या अंगावरून फिरवा आणि फणीत आलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिल्लू दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही औषध नको. फणीने पिसवा काढा आणि भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडवा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या आणि पिल्लू मलूल पडलं, तर उशीर करू नका. पिसवा इतकं रक्त पितात की इवल्याशा पिल्लाला त्यातून जीवघेणा अ‍ॅनिमिया होऊ शकतो.

मोठ्या मांजरासाठी फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेली, खास मांजरांसाठीची औषधं मिळतात. पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजनाचा गट बघूनच घ्या. वजन करणं सोपं आहे: मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. औषध मानेच्या वरच्या टोकाला, केस बाजूला करून थेट कातडीवर सोडायचं, म्हणजे तिथे जीभ पोहोचत नाही. रूमवर कुत्राही येत-जात असेल आणि त्याला पर्मेथ्रिन लावलेलं असेल, तर तीन दिवस दोघांना लांब ठेवा.

आणि खोली? खरी लढाई तिथेच आहे. मांजरावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्याचा जेमतेम ५ टक्के भाग. उरलेला ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटींत असतो. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. चादरी गरम पाण्यात धुवा, गाद्या उन्हात टाका, कानेकोपरे रोज झाडा. औषध लावूनही काही आठवडे नव्या पिसवा दिसतील, कारण कोश हळूहळू फुटत राहतात. घाबरून दुप्पट डोस देऊ नका. पाकिटावरच्या अंतराने, साधारण महिन्यातून एकदा, असं तीन महिने तरी नेटाने करा. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काही दिसलं, तर तो पिसवांमधूनच आलेला पट्टकृमी. जंताचं औषधही विचारून घ्या.

चुकून कुत्र्याचं औषध लावलं गेलंच, तर सकाळची वाट बघू नका. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने लावलेली जागा धुवा, पिल्लू पुसून उबेत गुंडाळा आणि पाकीट सोबत घेऊन डॉक्टर गाठा. 'आम्हीच लावलं' हे सांगायला लाजू नका. त्या एका वाक्याने उपचाराची दिशा ठरते.

पैशांचं म्हणाल, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरालाही नेता येतं. मुंबईत परळचं, लोक ज्याला बैलघोडा म्हणतात ते हॉस्पिटल आहेच.

दोष सगळा तुमचा नाही. 'मांजरांना वापरू नये' ही ओळ पाकिटावर बहुतेकदा बारीक इंग्रजीत दडलेली असते. ती ठळक मराठीत, फुली मारलेल्या मांजराच्या चित्रासह छापायला हवी, आणि काउंटरवरच्या काकांनी 'कुत्रा की मांजर?' हे विचारायलाच हवं. ते होईल तेव्हा होईल. तोवर ती ओळ तुम्ही वाचा.

पिल्लाला पार्किंगमधून उचललंत, तेव्हा त्याची जबाबदारीही उचललीत. ते बिचारं तुमच्या हाताखाली मान निवांत झुकवून बसतं. त्या मानेवर काय सोडताय, हे आधी दोन मिनिटं वाचून घ्या.