टॉवर बदलले, पत्ता तोच!

दोस्तांनो, बारामतीहून इंदापूरला एसटीने निघालात आणि मोबाईलवर मामाशी व्हिडिओ कॉल चाललाय. सणसर गेलं, निमगाव केतकी आलं. वाटेत टॉवर बदलत गेले, तरी बोलणं तुटलं नाही. कसं बरं?

गंमत अशी, की इंटरनेट सुरू करताच कंपनीचा संगणक तुमच्यासाठी एक ‘गेटवे’ निवडतो. गेटवे म्हणजे जणू गावाची वेस! तिथेच मोबाईलला आयपी पत्ता मिळतो. मामाचा आवाज, चेहरा छोट्या छोट्या पुड्यांतून याच पत्त्यावर येतो. टॉवर बदलला, तर पुड्या आता कुठल्या टॉवरकडे धाडायच्या, एवढंच आतल्या आत कळवतात. वेस मात्र तीच! मध्येच ती बदलली, तर पत्ताही बदलेल आणि मामा हरवेल.

या जोडणीला ‘सेशन’ म्हणतात. २०२२ साली आपल्याकडे आलेल्या ५-जीत जवळची वेसही निवडता येते. मग पुड्यांची खेप लवकर होते.

आता करून पाहा! आईबाबांना विचारून वायफाय बंद करा, सेटिंगमध्ये आयपी पत्ता शोधून लिहून घ्या. मग एरोप्लेन मोड लावून काढा. सेशन नवं झालं. पत्ता बदलला का?