कणा मोडला, हक्क नव्हे

१ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर उभारणारे यंत्र कोसळून २० कामगार मृत्युमुखी पडले. अशा वेळी आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. पाठीचा कणा मोडून जिवंत राहिलेला मात्र विस्मरणात जातो.

कायद्याने त्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. कामावर दुखापत झाल्यास मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. रस्त्यावरील अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. प्रमाणपत्रावरील टक्केवारी म्हणजेच उत्पन्नाची हानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. ज्या दुखापतीनंतरही कारकुनाची नोकरी टिकते, तिने भातसानगरच्या मजुराची रोजीरोटी पूर्ण बुडू शकते. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने शुश्रूषा करणाऱ्यांचा पुढील अनेक वर्षांचा खर्चही भरपाईत धरला. अपंग, आदिवासी व स्त्रिया यांना १९८७ च्या कायद्यान्वये उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणून घाईच्या तडजोडीवर अंगठा उमटवू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

पक्षघाती मनुष्याला चौघांनी छप्पर उघडून प्रभू येशूपुढे उतरविले. आपल्या धर्मग्रामातील अशा बांधवाला न्यायालयाच्या दारापर्यंत नेणारे चौघे कोण?