संशोधनाचा अनुशेष कोण मोजणार?

विदर्भाच्या मागासलेपणाचा हिशेब मांडण्याची आपल्या राज्याची एक ठरावीक रीत आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचा रुजला. पुढे २०१३ साली डॉ. विजय केळकर यांच्या समितीने तोच प्रश्न नव्या निकषांनी तपासला. रस्ते किती किलोमीटर कमी, ओलीत किती हेक्टर कमी, महाविद्यालयांत जागा किती कमी, असे हे हिशेब होत आले. ते आवश्यकच होते. परंतु एक अनुशेष असा आहे की, जो मोजण्याची गरज आजवर कोणत्याही सरकारला वाटली नाही आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही वाटली नाही. तो म्हणजे संशोधनाचा अनुशेष. कोणत्या प्रदेशातील माणसांना प्रश्न विचारण्याचा, त्यांचे उत्तर शोधण्याचा आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा वापरण्याचा अधिकार आहे, आणि कोणाला केवळ इतरांनी शोधलेली उत्तरे विकत घेण्याचा, हा तो प्रश्न होय.

आज हा प्रश्न उपस्थित करण्याचे कारण घडले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून राज्य शासनाने २०२३ साली अभियांत्रिकी पदवीचा नवा आराखडा जाहीर केला. त्यानुसार मूळ पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. ज्याला ‘संशोधनासह ऑनर्स’ अशी पदवी हवी असेल, त्याने त्याच चार वर्षांत अधिकचे श्रेयांक मिळवून ही बेरीज १८० ते १९४ पर्यंत न्यावयाची आहे. याआधी डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने इतर शाखांसाठी असाच आराखडा काढला होता. त्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यालाच संशोधनाचा मार्ग खुला ठेवण्यात आला. अभियांत्रिकीतही अनेक संस्थांनी गुणांचा असाच उंबरठा घातला आहे.

कागदावर ही योजना उत्तम दिसते. पदवीच्या वयातच विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत उभे राहावे, पाठ्यपुस्तकातील उत्तरे घोकण्याऐवजी स्वतः प्रश्न मांडावा, याला कोणता शहाणा माणूस विरोध करील? आमचाही विरोध नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ही पदवी कोणाच्या हाती पडणार?

मानोऱ्याकडे पाहा. वाशीम हा जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघाला आणि वीस वर्षांनी, २०१८ साली, नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत जाऊन बसला. मागास हा शब्द सरकारला टोचू लागला की सरकार परिस्थिती बदलत नाही, शब्द बदलते! त्या जिल्ह्यातील मानोरा हा कापूस, तूर आणि सोयाबीनचा, कोरडवाहू शेतीचा, बंजारा तांड्यांचा तालुका. अभियांत्रिकी शिकावयाचे तर येथील मुलाला पुसद, यवतमाळ, शेगाव किंवा अमरावती गाठावी लागते. गुण आणि ऐपत दोन्ही असतील तर नागपूर किंवा पुणे.

समजा, अशा एखाद्या तांड्यावरील मुलगी या वाटेने निघाली. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळते. ही गोष्ट चांगली झाली आणि ती चळवळीच्या रेट्याने झाली हेही नोंदविले पाहिजे. पण शुल्कमाफीने महाविद्यालयाचे फाटक उघडते. खोलीभाडे, खाणावळ, पुस्तके आणि गणकयंत्र यांचा खर्च फाटकाबाहेर उभाच असतो. मराठी शाळेतून आलेल्या या मुलीची पहिली दोन सत्रे इंग्रजीशी झगडण्यात जातात. विषय समजतो, पण उत्तरपत्रिकेत तो उतरत नाही. तिसऱ्या सत्रात ती सावरते, पाचव्यात वर्गात पुढे येते. तोवर सरासरीचा उंबरठा तिच्यासमोर भिंतीसारखा उभा राहिलेला असतो. पहिल्या वर्षाचे ते कमी गुण तिच्या बुद्धीचे माप आहेत की तिला मिळालेल्या शाळेचे? नियम हा भेद करीत नाही. नियम सर्वांना सारखा लागू होतो, आणि असमानांना सारखा नियम लावणे हीच विषमतेची सर्वांत सभ्य रीत असते.

तरीही तिने तो उंबरठा ओलांडला असे धरू. मग दुसरी अडचण येते. जादा श्रेयांक म्हणजे जादा तास, प्रयोगशाळेतील संध्याकाळी, सुट्टीतील काम. ज्याच्या घरून दरमहा पैसे येतात त्याला हा वेळ आहे. जिला सुट्टीत घरी जाऊन सोयाबीनच्या सोंगणीला हात लावावा लागतो, तिला तो कोठून मिळणार? ‘गेट’ उत्तीर्ण होऊन पदव्युत्तर अभ्यास करणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. पीएच.डी.च्या कनिष्ठ संशोधकाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२३ पासून ३७,००० रुपये झाली. म्हणजे संशोधन हे श्रम आहेत आणि श्रमाला मोल द्यावयाचे असते, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग पदवीच्या वर्गात केलेल्या संशोधनालाच ते का लागू नये? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली विद्यावेतन दिले म्हणून डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. बुद्धी त्यांची होती. वेळ मात्र विद्यावेतनाने विकत मिळाला होता. गरिबाच्या मुलाजवळ बुद्धीची वाण नसते, वेळेची असते.

तिसरी अडचण महाविद्यालयाची. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. मुलांना शिक्षणासाठी परराज्यांत जावे लागू नये, असे त्या वेळी सांगण्यात आले आणि ग्रामीण भागातील असंख्य मुले त्यामुळे अभियंते झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु शुल्कावर चालणारी संस्था शुल्क देणाऱ्या जागांचाच विचार करणार. संशोधनाला लागणारी यंत्रे, नियतकालिके आणि कायम नोकरीचा निश्चिंत अध्यापक हे तिच्या ताळेबंदात तोट्याचे रकाने ठरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानेच संशोधन पदवी देणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक असावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. जेथे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकविणारा तरुण पुढच्या सत्रात आपण असू की नाही या विवंचनेत वर्गात जातो, तेथे हा मार्गदर्शक आणावयाचा कोठून? त्यातच २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा सैल केली. संगणक शाखेच्या जागा फुगविण्यास मोठ्या शहरांतील संस्थांना रान मोकळे झाले. अशा बाजारात कापूस पिंजण्याच्या यंत्रावर चार वर्षे डोके खपविणाऱ्या मुलीला कोण विचारणार?

परिणाम उघड आहे. संशोधनासह ऑनर्स पवईत मिळेल, पुण्यात मिळेल, नागपुरात थोडा मिळेल. आणि मानोऱ्याच्या मुलीला मिळेल ‘साधी’ पदवी. एकाच शिक्षणात दोन वर्ण निर्माण होतील. एक विचार करणारा, दुसरा त्याचा आराखडा राबविणारा.

येथे आपल्याच काही साथींचा आक्षेप ऐकू येतो. ते म्हणतात, ‘पोरांना नोकऱ्या नाहीत, शेतमालाला भाव नाही, आणि तुम्ही संशोधनाच्या गोष्टी करता? ही पोटभरल्यांची चैन आहे.’ हा आक्षेप तळमळीतून येतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून ही मुले कोणता दिवा लावणार, अशा आशयाचा सवाल केला आणि त्यावर राज्यभर टीका झाली. आपले साथी भाषा वेगळी वापरतात. पण निष्कर्ष तोच काढतात. कष्टकऱ्याच्या मुलाने पोटापुरते शिकावे, शोध इतरांनी लावावेत!

हे शोध वऱ्हाडाच्या पोटाशी किती निगडित आहेत ते पाहा. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयांत गेले. संरक्षक साधने वापरली नाहीत, असा ठपका मृतांवरच ठेवण्यात आला. वऱ्हाडातील दमट उकाड्यात, माथ्याइतक्या वाढलेल्या कपाशीत, दिवसभर अंगावर वागवता येईल असा पोशाख कोणी तयार केला होता? विषाचा फवारा फवारणाऱ्याच्याच तोंडावर येणार नाही असा पंप कोणी घडविला होता? हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे आणि तो जीवनमरणाचा आहे. तो पुण्याच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत सुचत नाही. ज्याच्या बापाने पाठीवर पंप वाहिला आहे त्याला तो सुचतो.

उलट उदाहरणही आपल्याच भागात आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही मिनी दालमिल’ तयार केली. तूर पिकविणाऱ्याने ती कच्ची विकावी आणि स्वतःच्या ताटातली डाळ दुकानातून विकत आणावी, या उफराट्या व्यवहाराला त्या लहानशा यंत्राने छेद दिला. बचतगटांच्या हाती गावातच डाळ भरडण्याचे साधन आले. यात परदेशी गाजावाजा नाही, पण संशोधन म्हणतात ते हेच. असे आणखी वीस प्रश्न मानोरा तालुक्यात पडलेले आहेत: रात्रीच येणारी शेतीची वीज, साठवणीत खराब होणारे सोयाबीन, उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी.

या विहिरींच्याच बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या ‘पोकरा’ प्रकल्पात वाशीम जिल्ह्याचाही समावेश झाला. त्यातील गावांच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे शास्त्र पवईच्या आयआयटीने सिद्ध केले. त्या अभ्यासकांविषयी आम्हाला आदर आहे. त्यांनी लोकांच्या प्रश्नाला हात घातला. पण मानोऱ्याच्या पाण्याचा हिशेब मांडण्यास पवईहून माणूस यावा लागतो आणि मानोऱ्याचा अभियंता रोजगारासाठी पुण्याला जातो, ही उलटी गंगा कोणत्या नियोजनाची साक्ष देते? प्रादेशिक महाविद्यालयांनी भोवतालच्या प्रश्नांवर काम करावे, यासाठी ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ शासनानेच काढले होते. ते नव्या पदवीशी का जोडले जात नाही?

पैसा नाही, हे उत्तर ठरलेले आहे. देशाचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्का होता. चीनचा सुमारे अडीच टक्के. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर सहा टक्के खर्च करावयास सांगितले, २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. पण जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खाजगी उद्योगांच्या संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केलीच ना? मानोऱ्याच्या शेजारच्या कारंजा तालुक्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण झालाच ना? पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा वारशाच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाचा वारसा जपला जावा, याचा आनंदच आहे. पण ज्या समाजाचा भूतकाळ काचेच्या पेटीत मांडता येतो, त्याच्या भविष्यकाळासाठी एक प्रयोगशाळा मांडता येत नाही काय?

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच मुद्दा ठेवला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. ते आज जुने झाले, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी यवतमाळ, दारव्हा, कारंजा या भागातील कापूस बाहेर नेण्यासाठी अरुंद रुळांची आगगाडी घातली. ‘शकुंतला’ म्हणून लोक तिला ओळखत. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला घडलेले आणि कापूसही जावयाचा मँचेस्टरलाच. कच्चा माल येथला, यंत्र आणि विद्या तिकडची. आज कापसासोबत येथील बुद्धीही कच्च्या मालासारखी बाहेर जाते. मधल्या काळात फक्त स्थानकाचे नाव बदलले.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. संशोधनासह ऑनर्ससाठी केवळ सरासरी गुण न पाहता विद्यार्थ्याची प्रगती आणि त्याने मांडलेला प्रश्न पाहावा. हा अभ्यास करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला शासनाने विद्यावेतन द्यावे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक सार्वजनिक प्रयोगशाळा असावी आणि ती तेथील सर्व महाविद्यालयांना खुली असावी. अध्यापकांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात. प्रबंध मराठीत लिहिण्याची आणि तो गावापुढे मांडण्याची मुभा असावी. आणि अनुशेषाच्या पुढील हिशेबात संशोधनावरील दरडोई खर्चाचा जिल्हावार रकाना असावा.

यातील शेवटचे काम आपल्यालाही करता येईल. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील अभियांत्रिकीच्या मुलांना भेटावे. किती जणांना या पदवीची माहिती आहे, किती जणांच्या महाविद्यालयात ती उपलब्ध आहे, किती जणांनी ती सोडली आणि का, हे विचारावे, लिहून काढावे, माहितीच्या अधिकारात विद्यापीठाकडून पडताळून घ्यावे. फवारणीचा पंप आणि पदवीचा उंबरठा हे दोन वेगळे लढे आहेत असे समजण्याची चूक आपण पुष्कळ वर्षे केली. मानोऱ्याच्या मोर्चात कापसाच्या भावाच्या फलकाशेजारी प्रयोगशाळेच्या मागणीचा फलक दिसू लागेल, तेव्हा ती चूक सुधारण्यास आरंभ झाला असे म्हणता येईल.