मुक्कामाची एस. टी. आणि शेतकऱ्याची लेक

दरसाल जून महिन्यात शाळा उघडली की आमच्या गावच्या पारावर एकच प्रश्न निघतो : यंदा सकाळची गाडी येणार की नाही? वरवर पाहता हा प्रश्न मोटारीचा आहे. खरे पाहता तो आमच्या मुलींच्या शिक्षणाचा आहे, व म्हणूनच आज तो आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

आम्ही शिकवितो त्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच आहेत. पुढचे हायस्कूल नऊ किलोमीटरवर. रात्री गावी मुक्कामास येऊन सकाळी सहास निघणारी गाडी ‘भारमान कमी’ या सबबीवर बंद झाली. मुलगे सायकलीवर, कोणाच्या फटफटीमागे, मिळेल त्या टेंपोत बसून जाऊ लागले. मुलींपैकी चौघी मात्र घरी बसल्या. त्यांतील एकीच्या बापास आम्ही विचारले. तो म्हणाला, “गुरुजी, पोरगी हुशार हाय, पर सांजच्या अंधारात वडापात कशी बशिवू?” आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलीस पाहावयास पाहुणे आले.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, तेव्हा रयतेचा मुलगा शाळेपर्यंत पोचला. परंतु मुलीस परगावी ठेवण्यास आमची घरे तयार नव्हती, व आजही पुष्कळशी नाहीत. ती अडचण एस. टी.ने दूर केली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही पहिली गाडी सुटली. पुढे ‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एस. टी.’ हे ब्रीद झाले, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतणारी विद्यार्थिनी खेड्यात प्रथमच दिसू लागली. सरकारने मुलींस मोफत पास दिले. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या गाड्या दिल्या. हे उपकार आम्ही नाकारीत नाही. पण गाडीच आली नाही तर पास घेऊन काय करावयाचे?

मार्च २०२० ची टाळेबंदी, आणि ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला कामगारांचा संप, या दोन तडाख्यांत बंद पडलेल्या कित्येक खेडेफेऱ्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. कामगारांस आम्ही दोष देत नाही. तीही आमचीच लेकरे आहेत. आमचा आक्षेप हिशेबाच्या रीतीवर आहे. गाडी पासवाल्या मुलींनी गच्च भरली, तरी वाहकाच्या पिशवीत रोकड पडत नाही. त्या सवलतीची भरपाई सरकारने महामंडळास द्यावयाची असते. ती रखडली की आगारात डिझेलची ओढ लागते, आणि कात्री प्रथम खेड्याच्या फेरीस लागते. मोठ्या रस्त्यावरच्या कमाईतून आडगावची फेरी चालवावयाची, हे तर एस. टी.चे मूळ तत्त्व. त्या रस्त्यांवरील चांगला उतारू खाजगी गाड्यांनी पळविला, आणि तोट्याचा बोल मात्र खेड्यास लागला! दवाखाना किती नफा करतो असे कोणी विचारीत नाही; मग शाळेच्या गाडीसच तराजूत का बसवावे?

परंतु सरकारास चार शब्द सुनावून आमचे काम संपत नाही. दिवसा दहा मिनिटे वाट पाहण्याचा कंटाळा करून आपण वडापात कोंबून बसतो, आणि रात्री एस. टी. हवी म्हणून ओरडतो. मुक्कामास आलेल्या चालक-वाहकांस गावात धड खोली नाही, दिवा नाही, पाणी नाही. ते बिचारे गाडीतच मच्छरांत निजतात. कोठे भांडण झाले की पहिला दगड एस. टी.च्या काचेवर! ती काच आपल्याच पैशाची, हे कळावयास कोणते शास्त्र शिकावे लागते?

यासाठी आमची सूचना अशी. शाळा उघडण्यापूर्वीच, मे महिन्यात, ग्रामसभा भरवा. कोणत्या गावची किती मुले-मुली कोणत्या वर्गात जाणार व शाळेची वेळ काय, याची यादी शिक्षकांकडून करून घ्या. शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून ठराव करावा, आगारप्रमुखांस द्यावा, एक प्रत विभाग नियंत्रकांस पाठवावी, आणि पोच घ्यावी. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. कागदास उत्तर द्यावे लागते. चालक-वाहकांस समाजमंदिरात एक खोली द्या, ओढ्याजवळचा खचलेला रस्ता पावसाच्या आत नीट करून घ्या, आणि बाजारास जाताना एस. टी.नेच जा. ठरावावर आयाबायांच्या सह्या अवश्य असाव्यात, कारण लेक घरी बसली म्हणजे काय होते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक?

आपले पूर्वज अक्षरास मुकले, कारण शाळेचे दार त्यांना बंद होते. आज दार उघडे आहे. वाट तेवढी तुटली आहे. ती जोडण्यास यंदाचा मे महिना दवडू नका.